देखभालीनंतर मंद गतीवर न टिकणारे ट्रॅक्टरचे इंजिन

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने एकेका दिवसाला मोल येते. म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरमालक मे महिन्यातच यंत्राची देखभाल उरकून घेतात. इंजिनाचे तेल बदलतात, डिझेलच्या नव्या गाळण्या बसवितात, एअर क्लीनर धुतात, टाकीच्या तळाचा गाळ काढतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु दरवर्षी याच सुमारास एक तक्रार हटकून कानी येते : “साहेब, सर्व्हिसिंग करण्यापूर्वी ट्रॅक्टर ठणठणीत होता. सर्व्हिसिंग केली, आणि आता रेस कमी केली की बंद पडतो.”

मालक चक्रावून जातो. तो कधी नव्या गाळणीला दोष देतो, कधी डिझेलला, कधी मेकॅनिकला. आणि शेवटी पाना घेऊन मंद गतीचा, म्हणजे ज्यास आपण आयडलिंगचा म्हणतो तो, स्क्रू पिळू लागतो. इंजिन मग बंद पडत नाही हे खरे. पण बिघाड जागच्या जागी राहतो आणि त्यावर आणखी एक बिघाड चढतो. ही चूक मी स्वतः केलेली असल्याने तिच्याविषयी अधिकाराने लिहिण्यास हरकत नसावी.

वस्तुतः तक्रारीच्या शब्दांतच निदान असते. इंजिन काल चांगले होते आणि आज नाही. मधल्या काळात ते झिजले नाही, उघडले गेले. तेव्हा जे जे उघडले होते तेथेच प्रथम पाहावे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी अशा वेळी शेतकऱ्यास पहिला प्रश्न “काय होते आहे?” असा न विचारता “काय काय उघडले होते?” असा विचारावा.

मंद गतीलाच दोष का दिसतो

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला म्हणजे ते पेटते. हा फवारा उडण्यासाठी डिझेलवर फार मोठा दाब लागतो. आपल्याकडील साध्या ट्रॅक्टरांत नोझल उघडण्याचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपास असतो. डिझेल पंपाचा छोटा दट्ट्या तो निर्माण करतो.

आता सायकलच्या हवेच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा ढकलून पाहा. दांडा बराचसा आत जातो, कारण हवा दबते. तोच पंप पाण्याने भरला असता दांडा जागचा हलत नाही. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा आला म्हणजे हेच घडते. दट्ट्याची सारी धाव बुडबुडा दाबण्यात खर्ची पडते, दाब पुरेसा चढत नाही, आणि नोझल फवारा न सोडता गप्प बसते.

मंद गतीवर इंजिनाचे मिनिटाला साधारणतः ६०० ते ८०० फेरे होतात. तीन सिलिंडरांचे इंजिन ७०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ३५० वेळा ज्वलन होते, आणि प्रत्येक वेळी लागणारे डिझेल एका थेंबाहूनही कमी असते. एवढ्याशा मापात लहानसा बुडबुडाही मोठा ठरतो. शिवाय वेगात फिरणारे जड चक्र एखादे ज्वलन चुकले तरी त्या वेगाच्या बळावर पुढचा फेरा ओढून नेते. मंद फिरणाऱ्या चक्रात ते बळ नसते. म्हणूनच रेस दिलेली असता जे इंजिन बरे वाटते ते रेस सोडताच गचके खात बंद पडते. दोष दोन्ही वेळा तोच असतो, फक्त मंद गती तो लपू देत नाही.

माझी स्वतःची चूक

काही वर्षांपूर्वी मी नुकताच एका शासकीय प्रक्षेत्रावर रुजू झालो होतो. पेरणीपूर्वी ट्रॅक्टरची देखभाल करून घेतली. आमच्या ड्रायव्हरने दोन्ही गाळण्या बदलल्या, फीड पंपाच्या अलीकडे असणारी गाळाची वाटी धुतली आणि टाकीही साफ केली. हातपंपाने एअर काढून इंजिन सुरू केले. पाच-सात मिनिटे ते सुरेख चालले. पुढे त्याचा आवाज वर-खाली होऊ लागला आणि रेस सोडल्यावर ते बंद पडले. पुन्हा एअर काढली, पुन्हा पाच-सात मिनिटे ठीक, पुन्हा तेच.

त्या दिवशी वाफसा उत्तम होता आणि आभाळ भरून आले होते. सोयाबीनचे बी काढून ठेवलेले. मी कृषि पदवीधर. इंजिनाविषयी पुस्तकात वाचलेले होते आणि पुस्तकात मंद गतीचा स्क्रू कोठे असतो याची आकृती होती. मी ड्रायव्हरला तो स्क्रू दोन फेरे आत घेण्यास सांगितले. त्याची मुद्रा मला आजही आठवते; पण साहेबांना नाही कोण म्हणणार? इंजिन मंद गतीवर टिकले, परंतु ती मंद गती राहिलीच नव्हती. क्लच सोडताच ट्रॅक्टर झटका घेऊन पुढे जाऊ लागला. पेरणीयंत्र जोडून दोन तासे गेल्यावर बांधाशी वळताना रेस कमी केली, इंजिन बंद पडले, आणि या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग असल्याने ते एकदम जड झाले. पेरणीयंत्राचा फाळ बांधाच्या दगडावर आदळला. कोणास इजा झाली नाही हे नशीब.

शेजारच्या मळ्यातील एक वयस्क बागायतदार आवाज ऐकून आले. विहिरीवरील ऑईल इंजिन त्यांनी वीजपंप येईपर्यंत कित्येक वर्षे स्वतः चालविले होते. सारे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी इंजिनास हातही लावला नाही. ड्रायव्हरला विचारले, “वाटी धुतलीस, तर रिंग कोणती घातलीस?” ड्रायव्हर म्हणाला, “तात्या, जुनीच. चांगली होती.” तात्यांनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवून दाखविले. त्यावर डिझेलने भिजलेल्या धुळीची एक बारीक, काळसर रेघ होती.

ती रेघ काय सांगत होती ते मला नंतर उमगले. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढणारा, त्यापुढचा ढकलणारा. ढकलणाऱ्या भागात सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळते व सर्वांना दिसते. ओढणाऱ्या भागात सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि ती कोणासच दिसत नाही. रात्री यंत्र उभे असताना टाकीतील डिझेल आपल्या वजनाने त्याच फटीतून किंचित पाझरते, त्यावर धूळ बसते, एवढीच तिची खूण. आमच्या वाटीची रबरी रिंग वर्षभर दाबून चपटी झालेली होती. एकदा उचलल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी बसली नाही. त्यातून टाकीत डिझेलही तळाशीच होते.

नवी रिंग तालुक्याहून येईपर्यंत संध्याकाळ झाली आणि रात्री पाऊस लागला. ते क्षेत्र पुन्हा वाफशावर यावयास आठ दिवस गेले.

एअर काढण्याची रीत

यावरून एक उपयुक्त कसोटी मिळते. एअर काढल्यावर दोष कायमचा गेला, तर हवा देखभालीच्या वेळची आत राहून गेली होती. काही मिनिटांनी तो परत आला, तर हवा अजूनही आत येत आहे. मग हातपंप मारीत बसण्यात अर्थ नाही, फट शोधावी. टाकीच्या कॉकपासून फीड पंपापर्यंतचे सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत आणि रात्रभर यंत्र उभे ठेवून सकाळी ओल पाहावी. अथवा संशयित सांध्यावर बाहेरून घट्ट ग्रीस थापावे. इंजिनाचा आवाज स्थिरावला तर फट तेथेच आहे. ग्रीस हा उपाय नव्हे, परीक्षा आहे. मेकॅनिक लोक फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडतात व बुडबुडे डोळ्यांनी पाहतात. तीही रीत चांगली.

एअर काढताना टाकी निदान अर्धी भरलेली असावी आणि कॉक पूर्ण उघडा असावा. कॉक अर्धवट उघडा राहिल्याने झालेली धावपळ मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. पहिल्या गाळणीवरचा एअर स्क्रू एक-दोन फेरे सैल करून हातपंप चालवावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. फेस थांबून काचेच्या कांडीसारखी सलग धार लागली म्हणजे हातपंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळावा. हात आधी सोडला तर हवा परत आत जाते. मग दुसरी गाळणी, आणि शेवटी डिझेल पंपावरचा स्क्रू. क्रम टाकीकडून इंजिनाकडे असाच असावा. सांडणारे डिझेल डब्यात धरावे, जमिनीवर किंवा तापलेल्या भागावर पडू देऊ नये.

गाळणी बदलताना तिच्यासोबत आलेले रबरी वायसर व रिंगा सर्वच्या सर्व वापराव्यात. वरच्या खाचेत जुनी रिंग चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसविली जाते, हा प्रकार फार आढळतो. दोन रिंगा एकमेकींवर कधीच नीट बसत नाहीत. नळ्यांच्या बोल्टांखालील तांब्याचे वायसरही एकदा दाबले गेले की त्यांवर खाच पडते; ते नवेच घालावेत.

टाकीचे झाकण आणि बंद करण्याची तार

टाकीतील डिझेल जसजसे खाली जाते तसतशी तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सूक्ष्म छिद्र असते. ट्रॅक्टर धुताना त्यात चिखल बसतो. काही जण तर धूळ जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावतात. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालून मरगळते व बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली, आणि त्यानंतर इंजिन पूर्ववत चालू लागले, तर दुसरे काही शोधावयास नको.

इंजिन बंद करण्याची तार ओढल्यावर ती पूर्णपणे परत जाते की नाही तेही पाहावे. देखभालीत तिचा क्लँप सरकतो आणि तार थोडी ओढलेलीच राहते. डिझेलचा पुरवठा तेवढा तोडलेला राहतो, आणि त्याचा पहिला फटका मंद गतीस बसतो. तसेच पायाच्या व हाताच्या रेसचे दांडे मोकळे हलावेत, त्यांची स्प्रिंग जागेवर असावी. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला पानाही लागत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी.

टॅपेट, नोझल आणि एअर क्लीनर

इंजिन थंड असताना नीट चालते व तापल्यावर मंद गतीवर मरते, आणि देखभालीत टॅपेट बांधलेले होते, असे असेल तर टॅपेट अधिक आवळले गेल्याचा संशय घ्यावा. तापल्यावर झडपेचा दांडा लांबतो. त्यासाठी मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी मोकळीक ठेवावी लागते. ती न राहिल्यास झडप पुरती मिटत नाही, दाबलेली हवा निसटते, आणि ज्वलनास लागणारी उष्णता निर्माण होत नाही. पुढे झडप जळते, तो खर्च वेगळाच. ही मोकळीक किती व इंजिन थंड असताना की गरम असताना मोजावयाची, हे त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. अंदाजाने टॅपेट बांधू नयेत.

नोझल काढून बसविले असतील तर त्यांच्या खालील जुना तांब्याचा वायसर खोबणीत चिकटून राहिला नाही ना, हे पाहावे. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी साध्या इंजिनात मेकॅनिक मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करतात. आवाजात फरक पडला तर तो सिलिंडर चालू आहे; काहीच फरक पडला नाही तर दोष तेथे आहे. परंतु येथे एक गोष्ट बजावून सांगावयाची आहे. नोझलच्या तोंडाशी किंवा गळणाऱ्या दाबाच्या नळीशी बोट कधीही नेऊ नये. तेथील डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, सुरुवातीस दुखतही नाही, आणि आत मात्र बोट व हात नासत जातो. असे घडल्यास हळद लावून बसू नये. त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

एअर क्लीनर तेलाचा असेल तर तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरलेले तेल हवेबरोबर ओढले जाऊन सिलिंडरमध्ये जळू लागते, आणि तसे झाले तर डिझेल तोडले तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. याउलट तुंबलेला एअर क्लीनर काळ्या धुरावरून ओळखता येतो. पांढरा धूर व गचके ही जळावाचून बाहेर पडणाऱ्या डिझेलची खूण. देखभालीत डिझेल पंप काढून पुन्हा बसविला असेल आणि असा धूर येत असेल, तर पंपाचे टायमिंग चुकले असण्याचा संभव आहे. ते काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. पंपाच्या सील लावलेल्या स्क्रूंना हात लावू नये.

नवी यंत्रे आणि पेट्रोलची इंजिने

दिनांक १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक निकष लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत डिझेलचा फवारा संगणक ठरवितो आणि नळीतील दाब १,००० किलोग्रॅमच्याही वर असतो. त्यांच्या नळीचा नट सैल करण्याची वर सांगितलेली परीक्षा येथे मुळीच करू नये. मालकाने योग्य गाळणी, झाकणाचे छिद्र, ओढणाऱ्या बाजूचे सांधे व बॅटरीची टोके एवढेच पाहावे.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी यंत्रात किंवा गवत कापणीच्या यंत्रात कार्बोरेटर धुतल्यानंतर हीच तक्रार येते. तेथे मंद गतीचे छिद्र केसाएवढे असते. फडक्याचा एक तंतू पुरतो. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधील गॅस्केट फाटले असेल तर बाहेरची हवा आत जाते. मोटारीतही हवेच्या मार्गावरची एखादी रबरी नळी जोडावयाची राहून जाते, मग सूं असा आवाज येतो. मात्र आजच्या मोटारीत बॅटरी सोडल्याने किंवा हवेचे झडपघर साफ केल्याने संगणकाने शिकलेली मंद गतीची नोंद पुसली जाणे किंवा चुकीची ठरणे शक्य असते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन काही वेळ चालू ठेवले की पुष्कळदा ती आपोआप बसते.

आता मंद गतीच्या स्क्रूविषयी. वरील सर्व पाहून झाल्यावर, इंजिन पुरते तापलेले असताना, आणि मूळ जागेची खडूने किंवा रंगाने खूण करूनच त्याला हात लावावा. किती फेरे फिरविला ते वहीत लिहावे. मी खूण केलेली नव्हती. नवी रिंग बसल्यावर आमचे इंजिन मंद गतीवर इतके जोरात चालू लागले की ड्रायव्हरला क्लच सोडणे नको वाटे, आणि तो स्क्रू मूळ ठिकाणी आणण्यासाठी पुस्तिका व फेरे मोजण्याचे यंत्र मिळवून अर्धा दिवस घालवावा लागला. त्या वर्षापासून आमच्या प्रक्षेत्रावर गाळणीबरोबर रिंगा व वायसर यांचा एक जादा संच मे महिन्यातच आणून ठेवतात. ड्रायव्हर काढलेली जुनी रिंग कापून आणून दाखवितो, मगच नवी हातात मिळते.